बरोबरीचा गडी

एखादी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात शिरली म्हणजे ती व्यवहारातही उतरली, असे गृहीत धरून निर्धास्त होण्याची जी वहिवाट आपल्याकडे पडून गेली आहे, तिचा प्रत्यय शिक्षणाच्या क्षेत्रात जितका येतो तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत, इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून शिकता यावे, ही मागणी आज उघडपणे कोणी नाकारीत नाही. कोठारी आयोगाने १९६४-६६ च्या आपल्या अहवालात तिचा पुरस्कार केला. केंद्र सरकारने १९७४ साली एकात्म शिक्षणाची योजना काढली. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे ९२ शासनांच्या प्रतिनिधींनी तिच्यावर आपली मुद्रा उमटविली. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तर समावेशक शिक्षणाची व्याख्याच करून टाकली. दिव्यांग आणि अन्य विद्यार्थी एकत्र शिकतात, आणि शिकविण्याची रीत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या भिन्न भिन्न गरजांना जुळवून घेतलेली असते, ती शिक्षणव्यवस्था समावेशक, असा त्या व्याख्येचा आशय आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेल्या या खटाटोपाचे फलित म्हणून मुलाचे नाव हजेरीपटावर आले, हे खरे; परंतु मूल वर्गात आले काय, या प्रश्नाचे उत्तर हजेरीपटाला देता येत नाही.

मराठी मुलांच्या खेळांत ‘कच्चा लिंबू’ नावाचा एक मानकरी असतो. लपंडाव असो, लंगडी असो की डबा-ऐसपैस, धाकट्या भावंडाला घरी ठेवून येण्याची सोय नसते म्हणून त्याला खेळात घेतात. ते धावते, ओरडते, लपते. परंतु त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद झाले तरी बाद धरले जात नाही, आणि कोणत्याही पक्षाच्या हारजितीशी त्याचा काडीइतका संबंध नसतो. धाकट्या भावंडाची ही अवस्था वर्ष-दोन वर्षे टिकते आणि मग ते खऱ्या खेळात येते. दिव्यांग विद्यार्थ्याला मात्र आपल्या बहुसंख्य वर्गांनी पहिलीपासून दहावीपर्यंत कच्चा लिंबू करून ठेवले आहे. त्याला प्रश्न विचारीत नाहीत, कारण उत्तराला वेळ लागेल. गटाच्या यादीत त्याचे नाव असते, पण गटाच्या कामात त्याचा वाटा नसतो. सहलीच्या दिवशी तो घरी राहिला तर सर्वांनाच हायसे वाटते. त्याचा कोणी छळ करीत नाही. त्याच्यावाचून कोणाचे काही अडत नाही, एवढेच. आणि ज्याच्यावाचून कोणाचेच अडत नाही त्याला त्या समुदायाचा घटक म्हणणे हा केवळ उपचार होय.

हा प्रश्न थोड्यांचा आहे, असेही मानण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, आणि तीही २०१६ च्या अधिनियमापूर्वी. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकारांची गणना होती. नव्या कायद्याने ती २१ वर नेली आणि वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन-अक्षमता, स्वमग्नता यांसारख्या, वरवर पाहणाऱ्याच्या लक्षातही न येणाऱ्या अवस्थांचा तीत अंतर्भाव केला. आपल्या शाळेत असे मूलच नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मुख्याध्यापकाने एकदा आपल्या वर्गांतून डोळसपणे फेरी मारावी.

यावर जो उपाय सामान्यतः सुचविला जातो तो असा, की अशा मुलामागे एक प्रौढ माणूस द्यावा. शहरांतील खाजगी शाळांत त्याला ‘शॅडो टीचर’ असे नाव आहे आणि त्याचा पगार बहुधा पालकांच्याच खिशातून जातो. या उपायाचा हेतू चांगला असला तरी त्याचे परिणाम नेहमीच चांगले होत नाहीत. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट विद्यापीठाचे मायकल जिआंग्रेको आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. हिला मदत म्हणायचे की घिरट्या, हा प्रश्न त्यांनी त्याच्या शीर्षकातच उपस्थित केला आहे. मदतनीस मुलाला अखंड चिकटून राहिला म्हणजे वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी मनातल्या मनात त्याच्याकडे सोपवून मोकळा होतो, वर्गमित्र त्या प्रौढाला ओलांडून मुलापर्यंत पोहोचत नाहीत, आणि मूलही प्रत्येक पावलाला त्याच्या तोंडाकडे पाहू लागते, असे त्यांना आढळून आले. दहा वर्षांचा मुलगा मधल्या सुट्टीत आपल्या सवंगड्याला जी गोष्ट कानात सांगतो ती शेजारी चाळीस वर्षांच्या बाई उभ्या असताना सांगत नाही, हे समजण्यास मानसशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

मला या लेखात जे मांडावयाचे आहे ते एवढेच, की वर्गात आलेल्या दिव्यांग मुलाला वर्गाचा करून घेण्याचे सर्वांत समर्थ साधन त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेले असते. परंतु ते साधन आपोआप कामाला लागत नाही, त्याची पद्धतशीर तजवीज शिक्षकाला करावी लागते, आणि ती करणे हा शिक्षकाच्या भूतदयेचा भाग नसून त्याच्या कामाचा भाग आहे.

ही मदत प्रत्यक्षात किती साधी असते ते पाहण्यासारखे आहे. कमी ऐकू येणारी एक विद्यार्थिनी शिक्षकाच्या ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेते. ज्या क्षणी ती वहीत लिहिण्यासाठी मान खाली घालते त्या क्षणी तिचे ऐकणे बंद पडते, आणि पाहत राहिली तर लिहिणे राहून जाते. शेजारच्या मुलीने आपल्या वहीच्या पानाखाली कार्बन पेपर घालून त्याखाली एक कोरा कागद ठेवला, तर तास संपताच टिपणाची दुसरी प्रत तयार असते. लिहिणारीला एका अक्षराचेही अधिक श्रम पडत नाहीत, आणि ऐकणारीला शिक्षकाच्या चेहऱ्यावरून नजर हलवावी लागत नाही. दृष्टी अधू असलेल्या मुलाचेही तसेच. गुरुजी फळ्याकडे तोंड करून मुकाट्याने गणित मांडीत असतात तेव्हा बाकावरच्या सोबत्याने प्रत्येक पायरी हलक्या आवाजात वाचली, तर त्या मुलाचा तास वाया जात नाही. आणि आपला विद्यार्थी ही पायरी कुजबुजत आहे हे ध्यानी आल्यावर गुरुजींनाच लिहिताना बोलण्याची सवय लागली, तर त्याचा लाभ शेवटच्या बाकापर्यंत सर्वांना होतो.

याहून कठीण मदत असते ती काही न करण्याची. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे ओठ आणि जीभ सहजासहजी वळत नाहीत अशा मुलाला प्रश्न विचारला, की त्याच्या तोंडून पहिले अक्षर बाहेर पडण्यापूर्वी वर्गात दहा हात वर झालेले असतात आणि एखादा उतावळा उत्तर देऊनही टाकतो. त्या मुलाच्या सोबत्याला जे शिकावयाचे असते ते हेच, की उत्तर आपल्याला ठाऊक असले तरी ते आपल्या तोंडून जाऊ द्यावयाचे नाही, त्याचे वाक्य आपण पुरे करावयाचे नाही, आणि त्याचे बोलणे कळले नाही तर कळल्याचा आव न आणता पुन्हा विचारावयाचे. हा संयम मोठ्या माणसांनाही साधत नाही. मुलांना मात्र तो कोणी एकदा नीट समजावून दिला तर आठवडाभरात साधतो.

या पद्धतीची परीक्षा काटेकोरपणे झालेली नाही, असेही नाही. एरिक कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील माध्यमिक शाळांत, तीव्र स्वरूपाची दिव्यांगता असलेल्या विद्यार्थ्यांचे दोन गट चिठ्ठी टाकावी तसे पाडून, एका गटाला शिक्षकांनी तयार केलेले वर्गमित्र आणि दुसऱ्याला पूर्वीप्रमाणे प्रौढ मदतनीस देऊन तुलना केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्गमित्रांची साथ लाभलेले विद्यार्थी इतरांशी अधिक बोलू-मिसळू लागल्याचे, अभ्यासात अधिक रमल्याचे आणि त्यांना नवे मित्र मिळाल्याचे दिसून आले. मात्र त्या शाळांत मोठ्या माणसाला वर्गातून काढून टाकलेले नव्हते; त्याने मुलांना तयार केले, आरंभी जवळ राहून वाट दाखविली आणि मग तो टप्प्याटप्प्याने मागे सरला. या पद्धतीचे मर्म या मागे सरण्यात आहे.

मुलांनी मुलांना शिकविणे ही कल्पना परदेशातून उसनी आणलेली आहे, असा कोणाचा ग्रह होत असेल तर इतिहास उलटा आहे. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत थोरल्या मुलाने धाकट्याकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घ्यावीत, हा शिरस्ताच होता. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत एका गावठी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली, आपल्या देखरेखीखालील अनाथाश्रमाच्या शाळेत तीच रीत सुरू करून थोरल्या विद्यार्थ्यांच्या हाती धाकट्यांचे वर्ग दिले, आणि १७९७ साली लंडनमध्ये त्याविषयी पुस्तिका छापली. पुढे बेल आणि त्याचा समकालीन इंग्रज शिक्षक लँकेस्टर यांच्या नावाने ही पद्धत इंग्लंडभर आणि त्याच्याही बाहेर पसरली. परंतु तिचा विस्तार झाला तो तिच्या गुणांपेक्षा तिच्या स्वस्तपणामुळे: एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकून निघतात, हा हिशोब संचालकांना मोहात पाडणारा होता. शिक्षकाची देखरेख पातळ होत गेली, शिकविणे यांत्रिक बनले, आणि एकोणिसावे शतक संपण्याच्या आत ती पद्धत लयास गेली.

या इतिहासाचे स्मरण आज मुद्दाम करून द्यावेसे वाटते, कारण तोच मोह आपल्या शासनालाही पडण्याचा संभव आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांच्या नेमणुकांचा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि पुढच्याच वर्षी केंद्र शासनाच्या अधिसूचनेने प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे प्रमाण ठरून गेले. आमच्याकडे मुलेच एकमेकांना सांभाळून घेतात, असे अहवालात लिहून ही पदे रिकामी ठेवण्याची मखलाशी कोणी करू लागला, तर तो या कल्पनेचा सर्वांत मोठा शत्रू समजावा. ब्रेल लिपी शिकविणे, मुलाच्या क्षमतेनुसार पाठ आखणे, त्याच्या प्रगतीचे मोजमाप करणे, ही जाणकाराची कामे आहेत आणि ती पाचवीतल्या मुलाच्या माथी मारता येत नाहीत. सवंगडी शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. शिक्षकही सवंगड्याची घेऊ शकत नाही.

दुसरा धोका दयेचा आहे, आणि तो अधिक सूक्ष्म असल्यामुळे अधिक घातक आहे. वर्षाअखेरीस व्यासपीठावर एखाद्या मुलीला बोलावून, हिने आपल्या दिव्यांग मैत्रिणीला वर्षभर मदत केली म्हणून हिचा सत्कार, असे जाहीर करताना आपण त्या मैत्रिणीला भर सभेत काय सांगत असतो, याचा विचार बहुधा होत नाही. तुझ्याशी मैत्री करणे हे पुण्यकर्म आहे आणि त्याबद्दल इनाम द्यावे लागते, असेच आपण तिला सांगत असतो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांचे विवेचन करताना असे प्रतिपादिले, की दोन समूह नुसते जवळ आल्याने त्यांच्यामधील किल्मिष जात नाही. त्यांचा दर्जा समान हवा, त्यांचे उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी परस्परांचे साहाय्य लागावे आणि या साऱ्याला वरिष्ठांची मान्यता असावी. या चारही अटी शाळेच्या वर्गात पाळता येण्यासारख्या आहेत. परंतु समान दर्जाच्या अटीशी आपण सर्वांत अधिक दगाबाजी करतो, कारण दिव्यांग मुलाने सदैव घेणारा आणि इतरांनी सदैव देणारे असावे, अशीच आपली योजना असते.

वस्तुतः त्याच्याजवळ देण्यासारखे पुष्कळ असते. अंध विद्यार्थी ब्रेलच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जातो आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतो. सहा टिंबांच्या त्या खेळात प्रतिबिंबाचे सारे गणित भरलेले आहे, आणि ते वर्गाला शिकविण्यास त्याच्याइतका अधिकारी पुरुष दुसरा नाही. ही लिपीही काही एखाद्या शिक्षणखात्याने दिलेली देणगी नव्हे. लुई ब्रेल याने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, पॅरिसच्या अंधशाळेत विद्यार्थी असतानाच ती सिद्ध केली. तेथील मुले ती आपसांत वापरीत राहिली, आणि संस्थेने तिला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ साली, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. सोबत्यांच्या हातांनी जी गोष्ट तीस वर्षे जगविली तिच्यापर्यंत कचेरीची मोहोर अशी मागाहून पोहोचली.

तिसरा धोका भाराचा. बहुतेक शाळांत असे दिसते, की मदतीचे काम एका समंजस मुलाकडे, आणि त्यातही बहुधा एका मुलीकडे, न विचारता सोपविले जाते आणि ते वर्षानुवर्षे तिच्याकडेच राहते. हा अन्याय आहे. सोबती तीन-चार असावेत, ते स्वेच्छेने पुढे आलेले असावेत, सत्र पालटले की पालटावेत, आणि ते कोण असावेत हे ठरविताना ज्याच्यासाठी ही सारी योजना त्या मुलाला प्रथम विचारावे. केवळ हुशार मुलेच निवडू नयेत. शेवटच्या बाकावरचा खोडकर मुलगा या कामी पहिल्या क्रमांकाच्या मुलापेक्षा पुष्कळदा सरस ठरतो, कारण त्याला खेळात घेणे ठाऊक असते. शौचालयाला नेणे, कपडे बदलणे, औषध देणे ही शरीरसेवेची कामे मात्र मुलांकडे कदापि देऊ नयेत. त्यासाठी मदतनीस हवा, आणि समग्र शिक्षा योजनेत मदतनीस भत्त्याची तरतूदही आहे. ज्याच्या अंगावरचे कपडे आपण काल बदलले त्याच्याशी आज भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही तो मित्र नव्हे.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत एक मर्यादा स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. वर्गाने पाच-पन्नास खुणा शिकून घेतल्या तर मधली सुट्टी सुखाची होईल. परंतु चाळीस ऐकणाऱ्यांत एकट्या पडलेल्या मुलाला संपूर्ण भाषा लागते, आणि ती पन्नास खुणांतून मिळत नाही. भारतीय सांकेतिक भाषा जाणणारा शिक्षक आणि तीच भाषा बोलणारे आणखी काही कर्णबधिर सोबती हीसुद्धा त्याची गरज आहे. मुंबईत १८८५ साली कर्णबधिरांची शाळा निघाली तेव्हापासून विशेष शाळांनी जे ज्ञान संपादन केले आहे ते सर्वसाधारण शाळांना उपलब्ध झाले पाहिजे. महाराष्ट्रात विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि इतर शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, अशी वाटणी असल्याने एकाच गावातील दोन शाळांची एकमेकींशी ओळखही नसते. मुलांनी एकमेकांशी बोलावे, अशी अपेक्षा करणाऱ्या दोन खात्यांनी आधी एकमेकांशी बोलावयास काय हरकत आहे?

ही सारी कल्पना पुस्तकी आहे, असे ज्यांना वाटते त्यांना आपल्याच दहावीच्या परीक्षेतील लेखनिकाचे उदाहरण दाखवावेसे वाटते. जो स्वतः लिहू शकत नाही अशा परीक्षार्थीच्या शेजारी खालच्या इयत्तेतला विद्यार्थी बसतो, परीक्षार्थी सांगेल तेवढेच आणि तसेच लिहितो, आपल्या पदरचे काही घालत नाही आणि त्याचे काही गाळत नाही. उत्तरपत्रिका तपासणारा त्या अक्षरांना परीक्षार्थीचीच अक्षरे मानतो. परीक्षार्थीला तासामागे किमान २० मिनिटे अधिक मिळतात, ती या सावकाश चालणाऱ्या व्यवहारासाठीच. ज्या राज्यात शालान्त परीक्षेसारख्या काटेकोर मामल्यातही एका मुलाच्या हातावर दुसऱ्या मुलाचे भवितव्य आपण बिनधास्तपणे सोपवितो, त्या राज्याला मुलांच्या साहाय्याविषयी शंका घेण्याचा अधिकार उरत नाही. दुःख एवढेच, की हा लेखनिक शोधण्याची धावपळ पालकांना ऐन परीक्षेच्या तोंडावर करावी लागते. जूनपासून ज्यांची ओळख असती, एकाच्या बोलण्याची लकब दुसऱ्याच्या वर्षभरात अंगवळणी पडली असती, अशी दोन मुले पहिल्या पेपराच्या दिवशी एकमेकांना जवळजवळ परकी असतात.

आता पालकांची तक्रार. दुसऱ्याला मदत करण्यात आपल्या मुलाचा अभ्यास बुडतो, असे त्यांचे म्हणणे असते, आणि ते सर्वस्वी अवाजवी आहे असे नाही. मदतीची वेळ आणि मर्यादा शिक्षकाने ठरवून दिल्या नाहीत तर तसे होऊही शकेल. परंतु अपूर्णांकांची बेरीज दुसऱ्याला तीन निरनिराळ्या रीतींनी समजावून देणाऱ्या मुलाला ती जितकी पक्की समजते तितकी पाठांतराने समजत नाही, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. विद्या दिल्याने वाढते, हे वचन आपण शाळेच्या भिंतीवर रंगवितो. ते भिंतीवरून बाकावर आणावयाचे एवढेच काम शिल्लक आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या रीतीचा पुरस्कार केला आहे आणि ती ऐच्छिक, आनंददायक व प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखालची असावी, असेही सांगितले आहे. आणि २०१६ च्या अधिनियमानुसार दिव्यांग विद्यार्थ्याच्या शैक्षणिक विकासाबरोबर सामाजिक विकासासाठीही आवश्यक ते साहाय्य पुरविणे हे शाळेचे कर्तव्य आहे. तेव्हा नव्या फर्मानाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. शासनाने विशेष शिक्षकांच्या रिक्त जागा भराव्यात, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरलीच पाहिजे. परंतु त्या जागा भरेपर्यंत मुख्याध्यापकांनी हात बांधून बसू नये. शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याशी आणि त्याच्या आईवडिलांशी बोलावे, त्याच्या पसंतीचे तीन-चार सोबती ठरवावेत, त्यांना एक तास बसवून काय करावयाचे आणि काय करावयाचे नाही हे सांगावे, दर पंधरा दिवसांनी त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि वर्गाच्या कामांपैकी एक तरी काम त्या विद्यार्थ्याच्या नावावर असे लावावे की ते त्याने केले नाही तर वर्गाचे खरोखर अडेल. यास मंजुरी लागत नाही, निविदा लागत नाही, अनुदानही लागत नाही. आणि वाचकांपैकी जे शाळा व्यवस्थापन समितीवर असतील त्यांनी जूनच्या पहिल्या सभेत एवढा एकच विषय आग्रहाने मांडावा, अशी त्यांना विनंती आहे.